चंदीगडची 'घरवापसी'

१९७६ साली चंदीगडमध्ये रोमा लोकांच्या, म्हणजे जग ज्यांना जिप्सी म्हणतं त्यांच्या, संगीताचा महोत्सव भरला. युगोस्लाव्हियातून, मूळच्या स्कोप्येच्या गायिका एस्मा रेजेपोव्हा आणि त्यांचे पती स्तेवो तेओदोसिएव्स्की यांचं पथक आलं होतं. एस्मांना तिथं 'रोमा संगीताची राणी' म्हणून गौरवलं गेलं. या भेटीकडे अनेक जण घरी परतणं म्हणून पाहतात. घरवापसी हा शब्द मी जरा जपूनच वापरतो.

भाषेपुरतं ते खरंच आहे. रोमानीत पाण्याला 'पानी', कानाला 'कान', माणसाला 'मानुष' म्हणतात. सुमारे हजार वर्षांपूर्वी हे लोक हिंदुस्थानातून निघाले.

पण गाणं? स्तेवोंचं अ‍ॅकॉर्डियन, सोबत क्लॅरिनेट नि दर्बुका, आणि सात-नऊ मात्रांचे ते ताल, ज्यांना तुर्कीत 'अक्साक' म्हणजे लंगडे म्हणतात! हे सारं पाचशे वर्षांच्या उस्मानी अमलात, लग्नांत नि सुंतांच्या जेवणावळींत घडलं. स्कोप्येचे बहुतेक रोमा मुसलमानच. त्या गाण्याचं माहेर चंदीगडपासून फार दूर होतं.

मलाही लोक विचारतात, "तुमचं मूळ कुठलं?" मी गावाचं नाव सांगतो.

"ते नाही हो, त्याआधीचं?"