दहा बाय बाराच्या खोलीतला सूर : एक प्रस्तावना

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लागते ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः कवी होता, आणि त्याच्या ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा पुढच्या अलंकारशास्त्र्यांनी आदराने उल्लेख केला. एवढी वंशावळ सांगून मी वळणार आहे ती घरातल्या स्पीकरच्या जोडीकडे, हे कळल्यावर वाचक हसेल. हसू द्या. कानाला काय गोड लागते आणि का लागते, हा विचार या भागाला परका नाही. आपण तो काव्यापुरता ठेवला आणि बाकीचा दुकानदाराच्या हवाली केला, एवढेच.

पुढची पाने आहेत ती वाशिम-कारंज्यातल्या मास्तरांसाठी, रिसोड-मालेगावकडच्या सोयाबीन-तुरीच्या शेतकऱ्यासाठी, मंगरूळपीर किंवा मानोऱ्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या एखाद्या ताईंसाठी. हाताशी 25 ते 40 हजार रुपये आहेत, गाण्याची आवड आहे, आणि बैठकीच्या खोलीत दिसायलाही बरी अशी जोडी हवी आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र जमतात. त्यासाठी फार मोठे गणित लागत नाही; थोडे लागते.

आपल्याकडे यंत्रातून आलेल्या आवाजाची पहिली ओळख बहुधा भोंग्याने होते. हरिनाम सप्ताह, लग्न, निवडणूक, सगळीकडे तोच. भोंगा हे हुशारीचे यंत्र आहे. थोड्या विजेत तो माणसाचे बोलणे शेतापलीकडे पोचवतो, पण त्यासाठी खालचे स्वर सोडून देतो, म्हणून त्यातून मृदंग पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. त्यानंतर आले डीजेचे बॉक्स. त्यांनी खालचे स्वर परत आणले आणि बाकी सगळे त्यात बुडवले. दोन्ही साधने चौकासाठी जन्मली आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. चौकातल्या सवयीने घरचा स्पीकर निवडणाऱ्याने हे आकडे एकदा वाचावेत. घरात ऐकायचे ते जवळून, बसून, आणि शेजाऱ्याला न उठवता.

मग निवड कशी करायची? याची रीत आपल्या परंपरेत फार पूर्वी सांगून ठेवली आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा कणा तीच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात श्रुती मोजण्यासाठी दोन सारख्या वीणा घ्यायला सांगितल्या आहेत. एक ध्रुव वीणा, तिला हात लावायचा नाही. दुसरी चल वीणा, तिचे स्वर टप्प्याटप्प्याने उतरवायचे आणि दर वेळी पहिलीशी ताडून बघायचे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त हाच प्रयोग 22 तारांच्या दोन वीणांवर मांडला. हा शार्ङ्गदेव दरबारात हिशेबखात्याचा अधिकारी होता, तेव्हा खर्चाची चर्चा त्याला खटकली नसती. त्याच्या रीतीतली शिस्त अशी: एक गोष्ट स्थिर ठेवा, दुसरी बदला, आणि निर्णय कानाला करू द्या.

दुकानात आपण याच्या नेमके उलट करतो. स्पीकर बदलतो, गाणे बदलते, आवाजाची पातळी बदलते, आणि वर विक्रेता बोलत असतो. यातली पातळी सगळ्यात फसवी. दोन सारख्याच स्पीकरांपैकी जो किंचित मोठा वाजतो तो आपल्याला ‘चांगला’ वाटतो, इतका किंचित की मोठा आहे हे लक्षातही येत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी 1994 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ऐकणाऱ्यांना तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर ऐकवले. दिसू लागल्यावर मोठ्या, रुबाबदार पेट्यांचे गुण वाढले, लहान स्वस्त पेटीचे घसरले. शिवाय स्पीकरची जागा बदलल्याने आवाजात पडणारा फरकही डोळे उघडे असताना लोकांना नीट जाणवेनासा झाला. आणि हे ऐकणारे ध्वनिसाधने बनवणाऱ्या कंपनीतलेच होते. तेव्हा घरी दोन जोड्या आणून बघण्याची संधी मिळाली तर मधे एक जुने पातळ लुगडे टांगावे आणि बदलाबदल दुसऱ्या कुणीतरी करावी. टूल यांचे आणखी एक निरीक्षण उपयोगी आहे: दोष ओळखायचा तर दोन नको, एकच स्पीकर वाजवावा. जोडीच्या पसाऱ्यात दोष लपतात.

आता खोलीकडे येतो, आणि इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण पैसे खर्च न करता सर्वात जास्त फायदा होतो तो इथेच. वाशिम काय आणि अनसिंग काय, नव्या घराची खोली म्हणजे साधारण दहा बाय बारा फूट, उंची दहा, वर स्लॅब, खाली टाइल्स, भिंतींना गुळगुळीत पुट्टी. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये त्याची पहिली उभी लाट 47 हर्ट्झला बसते, दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये 56 ला. पण छतही दहा फुटांवर आहे, म्हणजे ते 56 पुन्हा एकदा, एकावर एक. अशा खोलीत त्या स्वराच्या आसपास जे वाजेल ते फुगून येते. लोक म्हणतात, ‘बॉक्स घुमतो.’ बॉक्स बिचारा ठीक असतो. स्पीकर कोपऱ्यातून दीड-दोन फूट बाहेर घेतला आणि आपली बसायची जागा भिंतीपासून पुढे सरकवली, की अर्धे घुमणे जाते.

उरलेला त्रास प्रतिध्वनीचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने एक व्याख्यानगृह दुरुस्त करायला सांगितले. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबिन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, मांडायचा, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा, आणि सकाळ व्हायच्या आत त्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरतात. ते आपल्या रिकाम्या खोलीला लावले आणि भिंती-फरशी पोचलेल्या ध्वनीपैकी शेकडा तीनच शोषतात असे धरले, तर घुमणे तीन सेकंदांच्या जवळ जाते. गाणे ऐकायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवे. यावर परदेशी फोमचे तुकडे विकत मिळतात. आपण वऱ्हाडातली माणसे, कापूस आपल्या हाताखालचा. सरकीविरहित कापसाची जाड गादी, लोड, भिंतीशी रचलेल्या रजया आणि चुण्यांचा भरघोस पडदा हे काम तेवढेच नीट करतात, आणि दिसायलाही घरचे दिसतात. स्पीकरच्या खर्चातले दोन-तीन हजार पडद्यावर घालवा असे सांगितले की लोक मला वेड्यात काढतात. तरी मी सांगतच राहणार.

गादीचा आणखी एक परिणाम पुस्तकांत सहसा सापडत नाही. स्टँडची उंची ठरवताना ऐकणारा खुर्चीत बसला आहे असे धरतात, कान जमिनीपासून मीटरभर उंच. आपण बैठकीत मांडी घालून बसतो, कान येतात 75-80 सेंटिमीटरवर. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या पातळीत असावा लागतो, म्हणून बाजारातला तयार स्टँड आपल्याला बहुधा उंच पडतो. गावातल्या सुताराकडून बुटका करून घ्यावा, जड आणि न डुगडुगणारा.

कोणते गाणे ऐकता यावरही पेटीचा आकार ठरतो. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज 139 हर्ट्झच्या जवळ आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे 69. चार इंची वूफरची, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाची, छोटी पेटी तिथे पोचेपर्यंत दमलेली असते. गंमत अशी की तरीही खर्ज ‘ऐकू येतो’. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 च्या सुमारास आपल्या वाद्यांवर जे संशोधन केले, त्यात जवारीमुळे तंबोऱ्यातून उपस्वरांची केवढी रास उमटते ते दाखवले. त्या उपस्वरांवरून कान मूळ स्वर स्वतःच उभा करतो. म्हणून छोट्या पेटीतून सूर हरवत नाही, सुराचे वजन हरवते, आणि ते हरवले हे मोठी पेटी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. भीमसेन, कुमार, पुरुष आवाजातले अभंग हेच मुख्य ऐकणे असेल तर साडेसहा इंची वूफर घ्यावा. स्त्री गायिका काळी पाचमध्ये गात असेल तर तिचा खर्ज 117 च्या आसपास, तिथे सव्वापाच इंच पुरतो. वरच्या टोकाची परीक्षा घ्यायला आपल्याकडे खंजिरी आहे. तुकडोजी महाराजांच्या वळणाचे खंजिरी भजन लावावे. झांजांची किणकिण वेगवेगळी, कोरडी ऐकू आली तर ट्वीटर चांगला. सगळी मिळून फुस्स झाली तर नको. आणि जुनी ध्वनिमुद्रणे, जी स्टिरिओच्या आधीची आहेत, ती लावली की गायक दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये, एका ठिकाणी उभा राहायला हवा. तो पसरला किंवा एका बाजूला सरकला, तर जोडीतले दोघे सारखे नाहीत, किंवा मांडणी चुकली.

वॅटच्या आकड्यांविषयी थोडक्यात. खोक्यावर पीएमपीओ लिहिले असेल तर तो आकडा वाचू नये, त्याला कसलेही प्रमाण नाही. संवेदनशीलता 86 डेसिबल असलेल्या स्पीकरला एक वॅट दिला तर आठ फुटांवर घरगुती ऐकण्यापुरता आवाज होतो. तबल्याच्या थापेसाठी त्याच्या दहा-वीस पट राखीव ठेवले तरी 30 ते 50 वॅटचा प्रामाणिक ॲम्प्लिफायर भरपूर झाला.

राहिले रूप. आवाजाच्या शौकिनांत रूपाबद्दल बोलणे हलके मानतात. मला ते पटत नाही. जी वस्तू पंधरा वर्षे घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहणार, तिच्यावर घरातल्या सगळ्यांचा हक्क आहे. शिवाय रूप आणि सूर नेहमी भांडत नाहीत. हॅरी ओल्सन यांनी 1951 मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या पेट्या मोजल्या, तेव्हा गोलाकार पेटीचा आवाज सर्वात सरळ निघाला आणि चौकोनी ठोकळ्याचा खडबडीत, कारण धारदार कडांवर ध्वनी फुटतो. गोल केलेल्या कडा म्हणूनच कानालाही बऱ्या. अस्सल सागवानाचा मोह मात्र आवरावा. अख्खे लाकूड पावसाळ्यात फुगते, मेमध्ये आकसते, सांधे बोलू लागतात. चांगल्या प्लायवर सागाचे पातळ विनिअर लावलेली पेटी दिसते तशीच आणि टिकते जास्त. पुढची जाळी बदलून आपल्या आवडीचे कापड लावायचे असेल तर ते तोंडाशी धरून फुंकर मारावी. फुंकर सहज आरपार गेली तर आवाजही जाईल.

आणि काही सूचना फक्त इथल्या हवेसाठी. वूफरच्या कडेला फोमची गोलाई असेल तर उष्णतेने आणि दमटपणाने ती काही वर्षांत भुसा होते, रबराची बघून घ्यावी. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत रस्त्यालगतच्या घरांत धूळ आत येते, तेव्हा जाळी काढून ठेवायची हौस करू नये. पेटीच्या मागे हवेसाठी भोक असेल तर त्यात उंदीर आणि पाल दोघेही घर करतात. तिथे बारीक तारेची जाळी बसवावी, त्याने आवाजाचे काही बिघडत नाही.

पहिले प्रकरण खोलीचे आहे. ते वाचायला बसताना मोजायची टेप जवळ असू द्यावी.