हौशी दुर्बीणकार आणि तेजोमेघांची छायाचित्रे

मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक अंधुक, धूसर ठिपका काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. हा मृगातील तेजोमेघ. शाळेच्या आकाशदर्शन कार्यक्रमात लहान दुर्बीण त्याच्यावर रोखली की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "पुस्तकातल्या फोटोत तो केवढा रंगीत आणि पसरलेला आहे! इथे नुसता धूर का दिसतो?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या डोळ्याच्या रचनेत आहे, आणि छायाचित्रणाच्या इतिहासातही आहे. हा इतिहास बव्हंशी पगारी खगोलशास्त्रज्ञांनी घडवलेला नाही, हे त्याचे वैशिष्ट्य.

आपला डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. सेकंदाच्या एका लहानशा अंशात नेत्रपटलावर जेवढा प्रकाश पडेल तेवढ्यावरच मेंदू चित्र उभे करतो. त्यामुळे अंधुक वस्तूकडे तासभर टक लावली तरी ती उजळत जात नाही. प्रकाशसंवेदी काचेचे तसे नाही. तिच्यावर पडलेला प्रकाश थेंबे थेंबे तळे साचे या न्यायाने साठत जातो. जितका वेळ जास्त, तितकी प्रतिमा स्पष्ट.

छायाचित्रणापूर्वी तेजोमेघांची चित्रे हाताने काढावी लागत. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी १८४५ साली आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून एका तेजोमेघाची सर्पिल रचना पाहिली आणि रेखाटली. परंतु मृगातील तेजोमेघाची निरनिराळ्या निरीक्षकांनी काढलेली चित्रे एकमेकांशी जुळत नसत. मग तेजोमेघ खरोखरच बदलला, की काढणाऱ्याचा हात आणि डोळा वेगळा होता? याचा निवाडा करण्यास काहीच साधन नव्हते. तेजोमेघ बदलतात की नाही, हा तर त्या काळचा कळीचा प्रश्न!

१८५१ पासून प्रचारात आलेल्या ओल्या काचपट्टीचा येथे उपयोग नव्हता. ती ओली असेपर्यंतच, म्हणजे काही मिनिटेच, काम देई. इंग्लंडमधील डॉक्टर रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ साली जिलेटिनच्या कोरड्या काचपट्टीची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे त्यात सुधारणा होऊन अशा पट्ट्या तयार मिळू लागल्या. आता एकच पट्टी तासन् तास उघडी ठेवणे शक्य झाले.

पहिले यश अमेरिकेत मिळाले. हेन्री ड्रेपर हे वैद्यकाचे पदवीधर. न्यूयॉर्कजवळ वडिलांच्या जागेत त्यांनी स्वतःची वेधशाळा उभारली होती. तेथून ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटे प्रकाश घेऊन त्यांनी मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र टिपले. तेजोमेघाचे हे पहिले छायाचित्र. दोनच वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते वारले.

त्यांचे काम पुढे नेले अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी. ते व्यवसायाने आरोग्य अभियंता होते. लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथे घराच्या बागेत त्यांनी ३६ इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण बसवली होती. ३० जानेवारी १८८३ रोजी त्यांनी त्याच तेजोमेघावर ३७ मिनिटे काचपट्टी उघडी ठेवली. या छायाचित्रात नुसत्या नजरेने दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले होते. कॅमेरा माणसाच्या डोळ्यापलीकडचे दाखवू शकतो, हे सिद्ध झाले. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८८४ साली त्यांना सुवर्णपदक दिले.

यातली अडचण वर्गात गणिताने दाखवता येईल. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. म्हणजे ३७ मिनिटांत आकाश सव्वानऊ अंश सरकते. पूर्णचंद्राच्या रुंदीच्या सुमारे अठरा पट! एवढा वेळ टनावारी वजनाची दुर्बीण आकाशाबरोबर अचूक फिरवायची. हे काम घड्याळयंत्र करी. पण त्याची चाल किंचित चुकली तरी ताऱ्याच्या बिंदूची रेघ होई. त्यामुळे निरीक्षकाला थंडीत जागेवर उभे राहून यंत्रावर सतत लक्ष ठेवावे लागे.

लिव्हरपूलचे इमारत-कंत्राटदार आयझॅक रॉबर्ट्स यांनी डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून २० इंची परावर्ती दुर्बीण करवून घेतली. २९ डिसेंबर १८८८ रोजी त्यांनी देवयानी नक्षत्रातील मोठ्या तेजोमेघाचे चार तास प्रकाश घेऊन छायाचित्र काढले. त्यात तेजोमेघाभोवतीची सर्पिल वळणे प्रथमच स्वच्छ दिसली. रॉबर्ट्स यांना वाटले, ही तर जन्माला येत असलेली एक सूर्यमाला! छायाचित्र अस्सल होते. अर्थ मात्र चुकला होता. १९२३ साली एडविन हबल यांनी माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीच्या काचपट्ट्यांवर त्याच तेजोमेघात एक रूपविकारी तारा ओळखला. त्यावरून तो आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरला. तिचे अंतर आज सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

हे काम सरकारी वेधशाळांनी का केले नाही? त्यांच्यावर ताऱ्यांची स्थाने मोजणे, वेळ राखणे, नौकानयनासाठी पंचांग पुरवणे अशी बांधील कामे होती. दहा पट्ट्या फुकट घालवून अकरावी साधण्याची मोकळीक हौशी माणसाला होती. अर्थात ही हौस स्वस्त नव्हती. हे सारे सुखवस्तू लोक होते. रॉबर्ट्स यांनी तर पुढे पगारी साहाय्यकही ठेवला होता. हौशी म्हणजे साधनहीन, असा समज करून घेऊ नये. कॉमन यांची दुर्बीण पुढे एडवर्ड क्रॉसली यांच्यामार्फत १८९५ साली कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत गेली. तिच्याच साहाय्याने जेम्स कीलर यांनी असंख्य सर्पिल तेजोमेघ आकाशात आहेत हे दाखवून दिले.

याच काळात पुण्यातही हालचाल चालू होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नेगामवाला. तेथील २० इंची दुर्बीणही ग्रब यांच्याच कारखान्यातली. नेगामवालांनी मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला आणि २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध जेऊर येथून घेतले. १९१२ साली ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. ज्ञानाची परंपरा एकाच व्यक्तीवर उभी असली की काय होते, याचे हे घरचे उदाहरण.

पुढे काचपट्टीची जागा फिल्मने घेतली. १९६९ साली विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधलेल्या सीसीडीमुळे, म्हणजे प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करून साठवणाऱ्या चकतीमुळे, फिल्मही मागे पडली. छोट्या दुर्बिणीला मोठे बळ मिळाले. २०२२ साली फ्रान्समधील यान सेन्टी यांनी लहान दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेच्या परिसराचे १०० तासांहून अधिक चित्रण केले. त्यातून मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि सहकाऱ्यांना तेथे ऑक्सिजन वायूच्या प्रकाशाची एक अज्ञात कमान आढळली. २०२३ च्या जानेवारीत ती प्रसिद्ध झाली. रॉबर्ट्स यांच्यापासून सव्वाशेहून अधिक वर्षे आकाशाच्या ज्या भागाची छायाचित्रे घेतली गेली, तेथेच ही कमान दडून होती!

शिक्षकांनी एक प्रयोग अवश्य करावा. चंद्र किंवा मृगातील तेजोमेघ दुर्बिणीतून दाखवून पाच विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे चित्र काढायला सांगावे आणि ती चित्रे छायाचित्राशेजारी लावावीत. चित्रांत फरक का पडला, यावर चर्चा करावी. मग छायाचित्रालाही प्रश्न विचारायला शिकवावे: प्रकाश किती वेळ घेतला? कोणत्या रंगाचा प्रकाश गाळून घेतला? दिसते त्याचा अर्थ आपण कशावरून लावतो? कॅमेऱ्याने पाहण्याची मर्यादा ओलांडता येते. पाहिलेल्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी मात्र माणसाचीच राहते.