रोलर कबुतरांच्या थव्यात एखादं कबुतर कोलांटीच मारत नसेल तर?

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम परिसरात तयार झालेली 'बर्मिंगहॅम रोलर' कबुतरं उडता उडता मागच्या बाजूने भराभर कोलांट्या घेत खाली येतात आणि पुन्हा थव्यात सामील होतात. या थव्याला 'किट' म्हणतात. २० कबुतरांच्या स्पर्धेत किमान ५ पक्ष्यांनी एकाच वेळी कोलांट्या मारल्या, तरच गुण मिळतात. म्हणजे नुसतंच उडणारं कबुतर फुकट जागा अडवतं. थवा सोडून भरकटणारं त्याहून वाईट, कारण एकटा पक्षी बहिरी ससाण्याला आयताच सापडतो.

मग असं कबुतर लगेच काढून टाकायचं? घाई नको. आधी वय बघा. काही पिल्लं काही महिन्यांतच कोलांट्या मारू लागतात, काहींना वर्षही लागतं. पिसं गळत असतील, पोटात जंत असतील किंवा दाणा जास्त होत असेल, तरीही पक्षी सुस्तावतो. हातात धरून छातीचं हाड चाचपलं, की तो लठ्ठ झालाय की खंगलाय हे कळतं. म्हणूनच जाणकार गहू आणि ज्वारी (तिकडे तिला 'मायलो' म्हणतात) मोजूनच घालतात.

पायातल्या रिंगचा नंबर वहीत लिहा आणि काही आठवडे नोंदी ठेवा. तरीही फरक नसेल, तर त्याला वेगळ्या थव्यात हलवा. त्याची जोडी मात्र लावू नका, कारण कोलांटीचा गुण आनुवंशिक असतो.

याउलट, कोलांट्या न थांबल्यामुळे थेट जमिनीवर आदळणाऱ्या 'रोलडाउन' पक्ष्याचं उडणं त्याच दिवशी बंद करावं लागतं.