आवाजाचा आठ वर्षांचा वाद

सॉफ्टवेअरचा इतिहास म्हटले की आपल्यासमोर कंपन्या आणि त्यांचे मालक येतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात मात्र निर्णय उघड्यावर होतात आणि त्यांच्यावरचे वादही जतन राहतात. ‘वाईन’ या प्रकल्पातला ध्वनी-ड्रायव्हरचा वाद मला त्यासाठीच महत्त्वाचा वाटतो.

विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालावेत, यासाठी 1993 साली वाईनची सुरुवात झाली. 1994 पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याचे प्रमुख आहेत. पहिली स्थिर आवृत्ती, 1.0, यायला जून 2008 उजाडला. म्हणजे पंधरा वर्षे गेली. विंडोजचा परवाना विकत घेणे न परवडणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या माणसाला वाईनने एक वाट दिली.

अडचण आवाजाची होती. लिनक्सवर आवाजाची एकच व्यवस्था कधी नव्हती. आधी ‘ओएसएस’ होती. 2003 च्या अखेरीस आलेल्या 2.6 कर्नेलमध्ये ‘अल्सा’ स्थिरावली. शिवाय वेगवेगळ्या डेस्कटॉपचे आपापले ध्वनी-सर्व्हर होते. वाईनमध्ये त्या प्रत्येकासाठी वेगळा ड्रायव्हर जमा होत गेला. कुणी एकाने लिहायचा, मग तो दुसरीकडे वळायचा आणि ड्रायव्हर अर्धवट पडून राहायचा.

अशात ‘पल्सऑडिओ’ आला. प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा कमी-जास्त करणे, चालू गाणे एका उपकरणावरून दुसऱ्यावर नेणे, हे त्याने सोपे केले. नोव्हेंबर 2007 मध्ये फेडोरा 8 ने आणि एप्रिल 2008 मध्ये उबुंटू 8.04 ने तो मूळ व्यवस्थेतच घेतला. वापरणाऱ्यांना कुणी विचारले नव्हते. अनेकांच्या वाईनमधल्या खेळांचा आवाज मात्र तुटू लागला.

कारण तांत्रिक होते. आतापर्यंत नेमका किती आवाज वाजला, हे खेळ सतत विचारत असतो. उत्तर चुकले की आवाज अडखळतो, चित्र आणि ध्वनी यांची फारकत होते. वाईन अल्साशी बोलत होती आणि पल्सऑडिओ मध्ये बसून अल्साचे सोंग घेत होता. हे सोंग पुरेसे हुबेहूब नव्हते.

मग वाईनमध्ये पल्सऑडिओचा स्वतंत्र ड्रायव्हर घ्यावा, अशी मागणी झाली. तसा ड्रायव्हर लिहिलाही गेला, पण मूळ प्रकल्पाने तो स्वीकारला नाही. प्रकल्पाची बाजू अशी की, आधीचेच ड्रायव्हर सांभाळता येत नाहीत, त्यात आणखी एक कशाला? पल्सऑडिओ अल्सा असल्याचे सांगतो, तर त्याने तसे नीट वागावे. मागणी करणाऱ्यांचे म्हणणे होते, दोष कुणाचाही असो, आवाज आमचा बंद आहे. काही वितरणांनी तो ड्रायव्हर स्वतःच्या जबाबदारीवर जोडून दिला.

या वादात एका बाजूला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. नकारामागे पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची काळजी होती. ती पोकळ नव्हती, हे पुढे दिसले. मार्च 2012 च्या 1.4 आवृत्तीत वाईनची ध्वनी-रचना विंडोज व्हिस्टाच्या धर्तीवर नव्याने बांधली गेली आणि जुने, अर्धवट ड्रायव्हर काढून टाकले गेले. पण त्या शिस्तीची किंमत सामान्य वापरकर्त्याने मोजली, हेही तितकेच खरे. अखेर डिसेंबर 2015 च्या 1.8 आवृत्तीत पल्सऑडिओचा ड्रायव्हर अधिकृतपणे आला. तोवर सुमारे आठ वर्षे लोटली होती.

पुढची गंमत अशी की, 2021 मध्ये फेडोरा 34 ने पल्सऑडिओच्या जागी ‘पाईपवायर’ आणला. तरीही वाईनचा तो ड्रायव्हर निकामी झाला नाही, कारण पाईपवायर पल्सऑडिओचीच भाषा बोलतो. प्रोग्रॅम गेला, पण त्याने घालून दिलेला संवादाचा करार टिकला. वाईनचे स्वतःचे अस्तित्वही अशाच एका करारावर उभे आहे.

मुक्त व्यवस्थेत दार सर्वांना खुले असते, पण आत काय घ्यायचे हे राखणदार ठरवतो. तो लागतोच. त्याच्या नकाराची कारणे उघडपणे नोंदलेली असली, तर बाहेर थांबलेल्यांना निदान भांडता येते. इथे ते आठ वर्षे भांडले आणि त्यांचा आवाज शेवटी ऐकला गेला.