पखाल, नळी आणि फेस

हैदराबादेत आरटीसी चौरस्त्यावरून चिक्कडपल्लीकडे वळले म्हणजे चित्रपटगृहे, त्यागराय गानसभा आणि परीक्षार्थी विद्यार्थ्यांनी सदैव गजबजलेले नगर केंद्रीय ग्रंथालय ही त्या वस्तीची ओळखीची स्थाने एकामागून एक दृष्टीस पडतात. परंतु भल्या सकाळी तेथल्या आतल्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्यास आणखी एक दृश्य हटकून दिसते, ते म्हणजे मोटारी धुण्याचे. बहुतेक ठिकाणी इमारतीचा वॉचमन एक बादली आणि एक फडके घेऊन हे काम उरकतो. अलीकडे मात्र काही अंगणांतून रबरी नळीच्या तोंडाशी एक प्लॅस्टिकची बाटली बसविलेली आढळते. खटका दाबला की पाण्याबरोबर साबणाचा पांढरा फेस उसळतो आणि पाहता पाहता सारी मोटार त्याखाली झाकून जाते. या साधनाला लोक ‘फोम गन’ म्हणतात. वस्तू लहान, किंमत बेताची. पण तिच्या मागे मोठा इतिहास आहे आणि तिच्या पुढे हैदराबादचा जुनाच प्रश्न उभा आहे. तो प्रश्न पाण्याचा.

या बाटलीत यंत्र असे काही नाही. नळीतून जोराने येणारे पाणी एका अरुंद गळ्यातून जाते. मार्ग अरुंद झाला की पाण्याचा वेग वाढतो आणि त्या जागेचा दाब उतरतो. दाब उतरताच बाटलीतील साबणाचे द्रावण आपोआप वर ओढले जाते, पाण्यात मिसळते, हवा घेते आणि फेस होऊन बाहेर पडते. वेग आणि दाब यांचे हे नाते डॅनियल बर्नुली याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मांडले, आणि अरुंद गळ्याचे प्रयोग जोव्हानी बात्तिस्ता वेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली प्रकाशित केले. मोटार त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

नळीची कथा याहून जुनी आहे. आगीचे बंब वापरण्यासाठी चामड्याची लवचिक नळी प्रचारात आणली ती सतराव्या शतकात ॲम्स्टरडॅमच्या यान व्हान डर हेयडेन याने; हा गृहस्थ व्यवसायाने चित्रकारही होता. पुढे १८३९ साली चार्ल्स गुडइयर याला गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली आणि चामड्याची जागा रबराने घेतली. आपल्याकडे मात्र पाणी वाहण्याचे चामडी साधन निराळेच होते. ते म्हणजे पखाल. खांद्यावर पखाल घेतलेला भिस्ती घरोघर पाणी घालीत असे, रस्त्यावर सडा शिंपीत असे. पखालीचे तोंड त्याच्या मुठीत असे, आणि किती पाणी सोडावयाचे हे ती मूठ ठरवीत असे. पाणी पाठीवरून वाहून आणणाऱ्या माणसाला त्याचे वजन सांगावे लागत नाही.

हैदराबादेत मोटार आली ती राजवैभवाचा अलंकार म्हणून. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी मागविलेली १९१२ सालची रोल्स-रॉईस आजही चौमहल्ला राजवाड्यात प्रेक्षकांना पाहावयास मिळते. सामान्य माणसाच्या वाट्याला मोटार आली ती बसच्या रूपाने. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्याने १९३२ साली २७ बसगाड्या आणि १६६ नोकर एवढ्या सामग्रीवर आपली सेवा सुरू केली. त्याच परंपरेतील परिवहन महामंडळाचे नाव चिक्कडपल्लीजवळच्या चौरस्त्याला मिळाले आहे. दारोदार खासगी मोटार उभी राहण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

मोटारींची संख्या वाढत असताना पाण्याच्या वाटाही लांबत होत्या. चिक्कडपल्लीपासून हाकेच्या अंतरावर म्हणता येईल असा हुसेनसागर सोळाव्या शतकात, इब्राहीम कुली कुतुबशहाच्या अमदानीत बांधला गेला आणि एके काळी शहराने त्याचे पाणी प्यायले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशी नदीला महापूर येऊन शहरात भयंकर प्राणहानी झाली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. पुराला वरच्या अंगालाच आवर घालावा ही त्यांची सूचना मान्य होऊन १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाला. पुरापासून रक्षण आणि पिण्यास पाणी असे दोन्ही हेतू त्यांनी साधले. परंतु वाढत्या नगराची तहान तेवढ्याने भागेना. १९६५ पासून मांजरेचे पाणी येऊ लागले, २००४ पासून कृष्णेचे, आणि २०१५ च्या अखेरीस गोदावरीचे. शेवटची दोन पाणी शंभराहून अधिक किलोमीटरांवरून, वीज खर्चून, चढावर उपसून आणावी लागतात.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरी, कृष्णा महाबळेश्वरी आणि मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात. चिक्कडपल्लीतील नळाला येणाऱ्या पाण्याचा पहिला थेंब अशा रीतीने महाराष्ट्राच्या डोंगरावर पडलेला असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यापासून वेगळा झाला; तोपर्यंत मांजरेचा जवळजवळ सारा प्रवास एकाच राज्यातून होत असे. राज्यांच्या सीमा बदलल्या, नदीची वाट बदलली नाही.

या नात्याचा कठोर प्रत्यय २०१६ साली आला. मांजरेवरील धनेगावचे धरण कोरडे पडले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले. एप्रिल महिन्यात आलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेनुसार लातूरची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक होती. म्हणजे माणशी दीड लिटरही पाणी आले नाही. त्याच वर्षी खाली तेलंगणात मांजरेवरचा सिंगूर जलाशयही आटला आणि हैदराबादला कृष्णा-गोदावरीच्या पाण्यावर विसंबून राहावे लागले.

आता मोटारीचा हिशेब मांडून पाहावा. साध्या रबरी नळीतून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी पडते. नळी दहा मिनिटे मोकळी सोडली की शंभर ते दीडशे लिटर पाणी गेले. भुयारी गटारांची सोय असलेल्या शहरात दरडोई, दररोज १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे मोकळ्या नळीने धुतलेली एक मोटार एका माणसाचे दिवसभराचे पाणी पिऊन जाते. अशा चार हजार मोटारी धुण्यात लातूरची ती पहिली पाणीगाडी संपली असती.

मग फेसाची बाटली दोषी म्हणावी काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. हैदराबादची भूमी ग्रॅनाइटची आहे. त्या दगडाच्या धुळीत गारेचे कण असतात आणि गार ही मोटारीच्या रंगाहून कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याने धूळ पुसणारा माणूस रंगावर ओरखडेच काढीत असतो. फेस चार-पाच मिनिटे अंगावर राहिला तर धूळ सैल होते, कण आणि रंग यांच्यामध्ये साबणाचा निसरडा थर येतो, आणि मग वरून खाली पाणी सोडले की घाण घासाघीस न होता उतरते. मोटार सावलीत असावी आणि फेस वाळू देऊ नये, एवढेच पथ्य. शिवाय खटका सोडला की पाणी थांबते. पखालीचे तोंड आवळणारी भिस्त्याची मूठच जणू त्या खटक्यात परत आली आहे. अडचण एवढीच, की नळीला जोर नसेल तर फेस धरत नाही. दुमजली घराच्या टाकीतून उतरणाऱ्या पाण्याला तेवढा जोर क्वचितच असतो. अशा ठिकाणी शेतकऱ्याच्या फवारणी पंपासारखा, हाताने हवा भरावयाचा दोन लिटरांचा लहान पंप अधिक उपयोगी पडतो. त्याला नळी लागत नाही आणि पाणीही मोजूनच खर्चावे लागते. उरलेले काम एका बादलीत होते.

इंग्लंडसारख्या पावसाळी देशानेही हा विवेक कायद्यात आणला. तेथील १९४५ च्या जलकायद्याने टंचाईच्या काळात खासगी मोटारी रबरी नळीने धुण्यास मनाई करण्याचा अधिकार पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांना दिला. ती बंदी नळीवर होती, बादलीवर नव्हती. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या जलमंडळाने मोटारी धुण्यासारख्या कामांत पिण्याचे पाणी दवडणाऱ्या २२ कुटुंबांकडून प्रत्येकी ५,००० रुपये दंड वसूल केला. पुढच्या वर्षी हैदराबादच्या जलमंडळानेही अशाच कारणासाठी दंडाचा बडगा उचलला.

फेसाची कहाणी मोटारीपाशी संपत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम साबण जगभर पसरले. त्यांतील काही द्रव्ये जंतूंना विघटित करता येत नसत आणि युरोपातील नद्यांवर फेसाचे ढीग साचू लागले. शेवटी पश्चिम जर्मनीला १९६१ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. चिक्कडपल्लीच्या आसपासच्या वस्त्यांतून, अशोकनगरच्या बाजूने, हुसेनसागराचे जादा पाणी वाहून नेणारा नाला मुशीकडे जातो. अंगणातला फेस उघड्या मोरीत गेला की त्याचा मार्गही तोच. म्हणून साबण सहज विघटित होणारा आणि मोजका असावा, आणि धुण्याचे पाणी शक्य तर झाडांच्या आळ्यांत न सोडता भुयारी गटाराकडेच जावे.

मोटार स्वच्छ ठेवण्यात गैर काहीच नाही. रंग टिकतो, गंज टळतो आणि वस्तूची निगा राखण्याची सवय ही चांगलीच सवय होय. पण त्र्यंबकच्या, महाबळेश्वरच्या आणि बालाघाटच्या डोंगरांवरून इतका प्रवास करून आलेले पाणी चिक्कडपल्लीच्या अंगणात पोहोचते, तेव्हा त्याचे वजन आता कोणाच्याही खांद्यावर पडत नाही. भिस्त्याला जे खांद्याने कळत होते, ते नळी धरणाऱ्याला हिशेबानेच कळवून घ्यावे लागेल.