कर्तीचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घर धरून ठेवणाऱ्या, चार माणसांना पोसणाऱ्या वडीलधाऱ्या बाईला आपल्याकडे ‘कर्ती बाई’ म्हणतात. बोलण्यात हा शब्द फार जुना आहे. कायद्याच्या कागदावर मात्र तो नव्हता. एकत्र हिंदू कुटुंबाचा ‘कर्ता’ म्हणजे पुरुष, असंच धरून चाललं जायचं. घरातली सर्वांत ज्येष्ठ स्त्रीसुद्धा कर्ता होऊ शकते, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं दिला तो डिसेंबर २०१५ मध्ये. आपल्या खेड्यापाड्यांत जे पिढ्यान् पिढ्या चालत आलं होतं, त्याला कायद्याचा शब्द मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

आज मला बोलायचं आहे ते अशाच कर्त्या बायकांबद्दल, आणि त्यांच्या एका गावाबद्दल. गाव आहे म्हसवड. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातलं, माणगंगेच्या काठचं, सांगलीच्या आटपाडीला लागून असलेलं. सातारा-पंढरपूर रस्त्यानं जाताना लागतं. सिद्धनाथाचं देऊळ आणि मार्गशीर्षातली रथयात्रा यासाठी ते सर्वांना ठाऊक आहे.

हा सगळा मुलूख पर्जन्यछायेचा. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही येईलच याची खात्री नाही. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ, १८९६ चा, १९७२ चा अशा दुष्काळांच्या नावानंच इथली माणसं वर्षं मोजतात. राजेवाडीचा तलाव, ज्याला म्हसवडचा तलाव असंही म्हणतात, तो इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामातून उभा राहिला. पाणी नसलं की पुरुष घराबाहेर पडणार, हे इथं ठरलेलंच. धनगर मेंढरं घेऊन वाटेला लागायचे. कुणी मुंबईच्या गिरणीत जायचं. विटा-आटपाडीकडचे लोक सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी पार देशभर पांगले. मागं राहायची ती बाई. म्हातारी सासू, लेकरं, दोन शेळ्या आणि चार एकर कोरडवाहू, एवढा संसार तिच्या पदरात. कर्तेपण तिला कुणी दिलं नाही, ते तिच्यावर येऊन पडलं.

आता हा धंदा होता की घरकाम? घोंगडीचं उदाहरण घ्या. माणदेशची घोंगडी नावाजलेली. माग चालवायचा बहुधा पुरुष, पण लोकर निवडायची, पिंजायची, सूत कातायचं ते बायकांनी. चिंचोक्याची खळ करायची तीही त्यांनीच. घोंगडी बाजारात विकली जायची ती पुरुषाच्या नावावर. बाईच्या वाट्याचं काम हिशेबातच धरलं जात नसे. अंडी, ताक, भाजी, बांगड्या, शेळीचं करडू ही मात्र तिची स्वतःची उलाढाल. आठवडी बाजाराला पाटी घेऊन जायचं, संध्याकाळी मीठ-मिरची घेऊन परतायचं, आणि उरलेले दोन पैसे कनवटीला खोचायचे.

हा सगळा हिशेब तोंडी चालायचा. पावकी, निमकी, दीडकी शाळेत न जाताही कानावर पडायच्या. व्याजाचा हिशेब तर पोटाला चिमटा घेऊनच शिकलेला. सावकार ‘शेकडा तीन’ म्हणाला की ते महिन्याचं, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के झाले, हे बाईला कुणी समजावून सांगावं लागत नसे. ती ते भरत आलेली होती.

तिची अडचण वेगळीच होती. कमावलेले पैसे ठेवायचे कुठं? ज्वारीच्या कणगीत ठेवले तर घरातलं कुणी तरी काढून नेतं. भिशीत घातले तर पाळी येईपर्यंत वाट पाहायची. शेळी घेतली तर ती आजारी पडते. सोनं घेतलं तर अडीनडीला ते सावकाराकडंच जातं. साठवण्याची प्रत्येक जागा कुठून ना कुठून गळकी.

या गोष्टीला तोंड फुटलं ते १९९० नंतर. मूळच्या मुंबईच्या, जयप्रकाशांच्या चळवळीतून पुढं आलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर म्हसवडला स्थायिक झाल्या होत्या. कांताबाई साळुंखे नावाची, रस्त्याच्या कडेला लोहारकाम करून राहणारी बाई त्यांच्याकडं आली. पावसाळ्याच्या आधी झोपडीवर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, त्यासाठी तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते. कर्ज नको होतं, फक्त खातं हवं होतं. बँकेनं नकार दिला, कारण रक्कम अगदीच किरकोळ. तेव्हा बायकांचीच बँक काढावी, असं ठरलं.

रिझर्व्ह बँकेकडं अर्ज गेला आणि फेटाळला गेला. प्रवर्तक सभासदांपैकी बऱ्याच जणींना लिहितावाचता येत नव्हतं. सिन्हा निराश होऊन परतल्या. बायकांनी मात्र दिवसभराचं काम उरकून संध्याकाळी अक्षरं गिरवायला सुरुवात केली. पाच महिन्यांनी पंधरा जणी पुन्हा मुंबईला गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्या लहानपणी शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष? कुठल्याही मुदलावर व्याज काढायला सांगा. आम्हाला जमलं नाही तर परवाना देऊ नका. तुमच्या साहेबांनाही तोच हिशेब यंत्राशिवाय करू द्या, बघू कुणाचा आधी होतो. परवाना मिळाला आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तेराशेंवर बायकांनी मिळून सात लाखांच्या आसपास भागभांडवल उभं केलं होतं.

ही गोष्ट ऐकताना हसू येतं, पण त्यामागचा प्रश्न गंभीर आहे. लिहिता न येणं म्हणजे व्यवहार न कळणं, असं समीकरण कुणी घातलं? आपल्या महाराष्ट्रातल्या सहकाराचा इतिहासच त्याच्या उलट साक्ष देतो. प्रवरेचा साखर कारखाना उभा करणारे विठ्ठलराव विखे पाटील जेमतेम चौथी शिकलेले होते. सांगलीच्या वसंतदादांचंही शालेय शिक्षण फारसं नव्हतं. त्यांच्या शहाणपणाचं आपण कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं. तेच शहाणपण लुगडं नेसून आलं तेव्हा मात्र त्याला परीक्षा द्यावी लागली.

म्हसवडच्या आधी हे अहमदाबादला घडलं होतं. १९७४ मध्ये इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेतल्या चार हजार कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपये काढून बँक उभी केली. तिथंही सही येत नाही हीच हरकत होती. उपाय म्हणून खातेपुस्तकावर बाईचा फोटो आला. पुण्यात त्याच वर्षी भगिनी निवेदिता बँक सुरू झाली. पण त्या शहरातल्या बँका. दुष्काळी तालुक्यातल्या बायकांनी आपल्यासाठी बँक काढणं हे नवीन होतं.

बँक उघडली तरी बायका काउंटरवर येईनात. खातं काढायला यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणार. मग बँकच त्यांच्या दारात आणि बाजारात गेली. पुढं कार्ड आणि गुप्त क्रमांक देण्याची वेळ आली तेव्हा बायकांनी तोही नाकारला. क्रमांक कुणीही दमदाटी करून काढून घेईल, अंगठा कोण नेणार, असा त्यांचा सवाल. सिन्हा यांनी २०१८ मधल्या एका व्याख्यानात ही हकिकत सांगितली आहे. ज्या अंगठ्यासाठी या बायकांना आयुष्यभर हिणवलं गेलं, तोच त्यांना सगळ्यांत भरवशाचा वाटला.

दुसरी हकिकत केराबाई सरगर यांची. या शेतकरी बाई आणि गाणाऱ्याही. दुष्काळात त्या दागिने गहाण ठेवायला बँकेत आल्या. कशासाठी, असं विचारल्यावर कळलं की जनावरांना चारा नाही, पाणी नाही. सोनं खाऊन जगता येत नाही, असा त्यांचा सूर होता. बँकेच्या जोडीच्या माणदेशी फाउंडेशननं मग २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला छावणी उघडली. हजारो जनावरं तिथं सुमारे दीड वर्ष जगली. धंद्याचं पहिलं भांडवल कोणतं, हे त्या बाईला बँकेच्या आधी कळलं होतं.

मिळवलेलं टिकायचं तर मालकी हवी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालक केलं. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला, आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. त्याआधीच, १९८९-९० च्या सुमारास, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’तून बायकांच्या नावे जमीन करून देण्याची हाक दिली होती. कायदा आला, मोहिमाही झाल्या. तरीही बहीण आजही ‘भावाशी संबंध तुटायला नकोत’ म्हणून हक्कसोड करून देते. सगळं आयुष्य घर चालवलेली सत्तर-ऐंशी वर्षांची म्हातारी स्वतःच्याच घरात लेकाच्या मर्जीवर राहते. सातबाऱ्यावर तिचं नाव असेल तर तिला जेवायला वाढणाऱ्याचा आवाज वेगळा असतो. हे कटू आहे, पण खरं आहे.

अशा बायकांची चरित्रं लिहिली जात नाहीत. कारखानदारांची लिहिली जातात, पुढाऱ्यांची गौरवग्रंथांसकट निघतात. उद्या कुणाला म्हसवडचा आर्थिक इतिहास लिहायचा झाला तर त्याला बँकेच्या जुन्या खातेवह्या उघडाव्या लागतील. पाच रुपये, दहा रुपये, अमुक बाई, तमुक गल्ली, एवढंच त्यात असेल. आणि त्याच्याही आधीचा, कनवटीच्या पैशांचा काळ तर कुठंच लिहिलेला नाही. तो फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे.

तेव्हा आपल्या घरात, शेजारी अशी कुणी आजी असेल तर तिच्याजवळ बसा. पहिली शेळी केवढ्याला घेतली, सावकाराचं देणं कधी फिटलं, पैसे कुठं लपवायच्या, घर कुणाच्या नावावर आहे, हे विचारा आणि लिहून ठेवा. तारखा तिला आठवणार नाहीत, पण आकडे बहुधा बिनचूक सांगेल.