क्रमवारीची फूटपट्टी कोणी बनवली?

इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगमध्ये एम.टेक. किंवा पीएच.डी. करू पाहणारी आपली मुले पहिला प्रश्न विचारतात, रिसर्चमध्ये कोणत्या संस्थेचा रँक वर आहे? प्रश्न चुकीचा नाही. पण त्याच याद्या हातात नाचवून दुसरे लोक आम्हाला सुनावतात की, प्राध्यापकांच्या जागांना आरक्षण लावले तर रँक घसरेल. म्हणून ही फूटपट्टी कोणी बनवली आणि ती नेमके काय मोजते, हा इतिहास आपल्याला माहीत असला पाहिजे.

1906 मध्ये जेम्स मॅकीन कॅटेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ‘अमेरिकन मेन ऑफ सायन्स’ ही शास्त्रज्ञांची सूची काढली. 12 विज्ञानशाखांतल्या नामवंतांनाच त्याने आपापल्या क्षेत्रातल्या लोकांचा क्रम लावायला सांगितले. त्यातून निवडलेल्या हजार जणांच्या नावापुढे तारा छापला आणि कोणत्या विद्यापीठाकडे किती तारे, हे मोजले. हार्वर्ड सर्वांत वर आले. म्हणजे रीत सुरुवातीलाच ठरली: मोठे कोण, हे मोठेच ठरवणार. त्या 12 शाखांत इंजिनीअरिंग नव्हतेच. हाताने काम करणारी विद्या तेव्हाही पंगतीबाहेर!

कॅटेलवर फ्रान्सिस गाल्टनचा प्रभाव होता. गाल्टन म्हणजे 1869 मध्ये ‘हेरेडिटरी जीनियस’ लिहून बुद्धी वंशातून उतरते असे मांडणारा आणि पुढे ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवणारा माणूस. कॅटेलने तर स्वतःच्या मुलांना सांगून ठेवले होते की, प्राध्यापकाच्या अपत्याशी लग्न केलेत तर 1,000 डॉलर बक्षीस. प्राध्यापकाच्या घरात प्राध्यापकाचीच सोयरीक! आपल्याकडे याला काय म्हणतात, हे सांगायची गरज आहे का?

हा कॅटेल 1917 पर्यंत कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होता. त्याच विद्यापीठात 1913 ते 1916 बाबासाहेब शिकत होते. 9 मे 1916 रोजी तिथल्याच सेमिनारमध्ये त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला आणि जातीचे मूळ अंतर्विवाहात आहे, हे सिद्ध केले. एकाच आवारात एक जण बुद्धिमंतांची बंद सोयरीक स्वप्नात पाहत होता आणि दुसरा अशा बंद सोयरिकीतून जात कशी घडते, ते उलगडून दाखवत होता. कॅटेल दुष्ट माणूस नव्हता. सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध केल्यामुळे त्याची नोकरी गेली. धडा हाच की, उदारमतवादी माणसाच्या डोक्यातही ‘गुणवत्ता जन्माने येते’ हे पक्के बसलेले असू शकते.

पुढे ताऱ्यांची जागा सायटेशनने घेतली. सायटेशन म्हणजे एका संशोधकाने आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा दिलेला संदर्भ. 1964 मध्ये युजीन गारफिल्ड यांनी ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. मूळ हेतू संशोधकाला उपयोगी लेख सापडावेत, हा होता. पण शोधण्याचे साधन हळूहळू तोलण्याचा तराजू झाले. 2003 मध्ये शांघायची जागतिक क्रमवारी आली. त्यांची विषयवार यादीही निघते आणि तीत इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक इंजिनीअरिंगही आहे. तिथे मोजतात ते काय? शोधनिबंध, सायटेशन, नामांकित जर्नल, परदेशी सहकार्य, पुरस्कार. खेड्यातल्या फीडरवर वीज कुठे गळते, रात्री शेतपंपाला वीज देताना माणूस का मरतो, हे कोणी सोडवले तर गावाचे भले होईल. पण त्याचे सायटेशन किती होणार?

समाजशास्त्राने हा खेळ कधीच ओळखला आहे. 1968 मध्ये कोलंबियाच्याच रॉबर्ट मर्टन यांनी त्याला ‘मॅथ्यू इफेक्ट’ म्हटले. ज्याचे नाव झाले, त्यालाच आणखी श्रेय आणि आणखी साधने मिळत जातात. रँक वर म्हणून निधी, निधी म्हणून प्रयोगशाळा, प्रयोगशाळा म्हणून शोधनिबंध आणि म्हणून पुन्हा रँक वर. हे चक्र साठलेली संधी मोजते आणि तिला गुणवत्ता असे नाव देते.

भारतात 2016 मध्ये एनआयआरएफची पहिली यादी आली. तिच्या रचनेत संशोधनाला 100 पैकी 30 गुण, तर सर्वसमावेशकतेला 10. त्या 10 मध्ये आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले फक्त 2! तेही पदवीच्या विद्यार्थ्यांच्या फीमाफीवरून. पीएच.डी. कोण करतो, प्राध्यापक कोण आहे, हा प्रश्नच नाही. 2020 मध्ये आयआयटींसाठी नेमलेल्या समितीने शिक्षकभरतीच्या आरक्षणातून सूट मागितली, तीही जागतिक स्पर्धेचे कारण पुढे करून. ज्या यादीत आमची गैरहजेरी मोजलीच जात नाही, ती यादी आमच्या हजेरीमुळे घसरेल, हे कोणत्या शास्त्राने सिद्ध केले?

आता कोणी म्हणेल, मग विज्ञानच नको का? नाही! 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात वीज खाते बाबासाहेबांकडे होते. 1944 मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. 1942 च्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मागितल्या. आणि त्याच निवेदनात सरकारी नोकऱ्यांत आपला वाटा किती, याचा हिशोबही मागितला. बाबासाहेब आकड्यांना घाबरले नाहीत, त्यांनी आकड्यांना जाब विचारला.

आपणही तेच करायचे आहे. रँक जरूर पाहा, पण तिथेच थांबू नका. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: इलेक्ट्रिकल विभागात एससी, एसटी, ओबीसी प्राध्यापक किती? पीएच.डी.साठी किती जणांनी अर्ज केले, किती जण मुलाखतीला बोलावले, किती जणांना घेतले, किती जण मधेच सोडून गेले? ही उत्तरे विभागवार मांडली की आपली क्रमवारी आपोआप तयार होईल. फूटपट्टी त्यांनी बनवली असेल, पण दुसरी बनवायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

जय भीम!